टोपण आपल्या मुठीत

मागच्या रविवारी पेढीवरच्या पांढऱ्या चादरीवर जांभळा डाग पडला. रुपयाएवढा. सोमवारी दिवाणजींनी तक्क्या सरकवला आणि नेमका त्यांना तो दिसला. "काय ओ शेठ, द्राक्षं खाल्ली का काय गादीवर बसून?" मी होय म्हणून टाकलं. अगदीच खोटंही नव्हतं. त्या शाईचं नाव 'यामा-बुदो', म्हणजे जपानीत रानद्राक्ष. पायलट कंपनीच्या इरोशिझुकू नावाच्या शाया आहेत, त्यातली ही. तासगावचं काळं द्राक्ष चिरडल्यावर बोटाला जो रंग लागतो, तोच.

डाग कसा पडला ते सांगायचं तर नव्या पेनाबद्दल सांगावं लागेल, आणि नव्या पेनाबद्दल सांगायचं तर अण्णांच्या टोपणाबद्दल.

माझी सांगलीत हळदीची अडत आहे. आजोबांनी घातली, अण्णांनी वाढवली, मी सांभाळतो. हंगामात सौदे सुरू असले की माझी बोटं पिवळीच असतात. अशा माणसाने खरं तर शाईपेनं जमवू नयेत. ओल्या निळ्या शाईला हळदीचं बोट लागलं की कागदावर हिरवा ठसा उठतो, आणि हात धुवायला साबण घेतला की बोट लाल होतं. हळदीला क्षार सोसत नाही, लगेच रंग बदलते. हळदीचं कुंकू करतात ते याच गुणावर. एकदा मी पिवळा, हिरवा, लाल असे तिन्ही सिग्नल हातावर घेऊन जेवायला बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, निदान उजवा हात तरी माणसाचा ठेवा."

छंद चौदा वर्षांचा. पेनं एकतीस. आमच्या घरात पेनाची किंमत क्विंटलमध्ये सांगायची पद्धत आहे. हे नवं पेन दोन क्विंटल राजापुरी हळदीचं. कुठल्या वर्षीच्या भावाने, ते मी सांगितलेलं नाही आणि तिनेही अजून विचारलेलं नाही.

अण्णांकडे एकच पेन होतं. चिनी हिरो. लालसर काळं अंग, स्टीलचं टोपण, निब आत दडलेली, नुसतं टोक बाहेर. ती पार्कर ५१ ची नक्कल आहे हे मला फार उशिरा कळलं. मूळ पार्कर ५१ बाजारात आलं १९४१ साली. निबेवर झाकण असल्यामुळे टोकाशी शाई चटकन वाळत नाही, ही त्यातली खुबी. अण्णांना पार्कर ठाऊक होतं की नाही कोण जाणे. त्यांना हिरोसुद्धा नावानं ठाऊक नव्हतं. "पेन आण" म्हटलं की तेच आणायचं.

शेतकऱ्याचा माल सौद्यात गेला, हमाली-तोलाई वजा झाली, हिशेबाची पट्टी तयार झाली, की सही घ्यायची. अंगठेवाल्यांसाठी शाईचं पॅड होतं. सही करणाऱ्याला अण्णा पेन द्यायचे, पण आधी टोपण ओढून काढायचे, ते डाव्या मुठीत धरायचे आणि नुसतं पेन पुढं करायचे. सही होईपर्यंत मूठ मिटलेली. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टोपण आपल्या मुठीत असलं की पेन परत येतं. उघडं पेन कोण खिशात घालणार?" बरोबरच होतं. स्वतःच्या सदऱ्याचं वाटोळं कोण करून घेईल?

हाच माणूस पाडव्यापर्यंत बिनव्याजी उचल द्यायचा, तीही तोंडी. पावसात दुसऱ्याला छत्री देऊन स्वतः भिजत घरी यायचा. पेन मात्र टोपणासकट कुणाच्या हातात दिलेलं मी पाहिलं नाही. माझ्याही नाही. दहावीच्या परीक्षेला मागितलं तर बाजारातून नवं आणून दिलं.

पेन दुसऱ्याला देऊ नये, निब बिघडते, असं त्या पिढीत सगळेच म्हणायचे. यात अर्धं खरं आहे. निब सोन्याची असली तरी तिचं टोक सोन्याचं नसतं. सोनं मऊ, कागदावर बघता बघता झिजेल. म्हणून टोकाला एका कठीण धातूचा बारीक ठिपका जोडतात, त्याला आपण सरसकट इरिडियम म्हणतो. तो झिजून एखाद्याच्या हाताला बसायला वर्षं जातात. दुसऱ्याने दोन ओळी खरडल्या म्हणून त्याला काही होत नाही. होतं ते दाबल्यानं. बॉलपेनची सवय असलेला माणूस खालच्या चार पानांवर उमटेल असा लिहितो. मग निबेच्या मधल्या चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पाकळ्या फाकतात आणि शाई टोकापर्यंत पोचेनाशी होते.

हे सगळं कळूनसुद्धा पहिली काही वर्षं मी अण्णांच्याही वरताण कंजूष होतो.

आमचा पाच जणांचा कट्टा आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी, पेढी बंद असते तेव्हा, गादीवर. सुरुवात मिरजेच्या डॉक्टरांपासून झाली. एका लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव घालायला माझ्या पुढच्या गृहस्थांनी खिशातून हिरव्या पट्ट्यांचं पेलिकन काढलं. मी आपलं पाकीट हातात धरून त्यांच्या मागं मागं पंगतीपर्यंत गेलो. पाकीट शेवटी बिननावाचंच गेलं. ते पाचशे कुणाचे, वधूपक्षाला अजून माहीत नाही. डॉक्टर भूलतज्ज्ञ आहेत. ते पेन एम ८००, म्हणजे १९८७ पासून निघणारं मॉडेल. शाई ओढणारा आतला पिस्टन पितळी, त्यामुळे मागच्या बाजूला जड लागतं. पेलिकनवाल्यांचा जर्मनीत हानोव्हरला शाई-रंगांचा कारखाना होता १८३८ पासून, आणि पहिलं शाईपेन त्यांनी काढलं १९२९ साली. नव्वद वर्षं नुसती शाई केली आणि मग पेन. धंदा कसा करावा ते यांच्याकडून शिकावं.

दुसरे आमचे सर. अभियांत्रिकी कॉलेजात यंत्रं शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एकच महाग पेन, लामी २०००. नाव २०००, पण पेन १९६६ सालचं. गेर्ड म्युलर नावाच्या माणसानं आखलेलं, आणि आजही जवळजवळ तसंच निघतं. अंग मॅक्रोलॉनचं, म्हणजे काचेचे तंतू घातलेलं प्लॅस्टिक. हाताला जुन्या पाट्यासारखं खरखरीत-गुळगुळीत लागतं. चमक नाही, नक्षी नाही, सोन्याची निबसुद्धा वरून पांढरा मुलामा देऊन लपवलेली. सर आमच्याकडे बघून म्हणतात, "पेनाचा दागिना केला तो तुम्ही व्यापाऱ्यांनी." आणि स्वतःचं लामी चष्म्याच्या मऊ फडक्यात गुंडाळून आणतात.

कुपवाडची एक पोरगी येते. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रॉन मोजते आणि रविवारी आमच्या निबा. आणि पाचवे आबा.

आबांचं वय अठ्ठ्याहत्तर. भूमि अभिलेखमधून निवृत्त झाले, आता लोकांचे जुने मोडी कागद वाचून देतात. त्यांच्या वडिलांची हळद आमच्याच पेढीवर यायची. आबांकडे एबोनाइटचं एक रत्नम आहे, राजमहेंद्रवरमचं. गांधीजींच्या स्वदेशीच्या सांगण्यावरून रत्नमवाल्यांनी १९३२ साली पेनं करायला घेतली, त्याच घराण्यातलं. यात पिस्टन नाही, रबरी पिशवी नाही. अंग उघडायचं, ड्रॉपरनं थेट शाई ओतायची, आटे लावून बंद. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून शिजवलेलं रबर. नवं असताना काळंभोर, उन्हानं हळूहळू शेवाळी होतं. आबांचं आता विहिरीच्या कडेसारखं दिसतं. मधूनच चोळून नाकाला लावतात. गंधकाचा वास येतो म्हणे. आम्हाला आबांच्या तंबाखूचा येतो.

नियम डॉक्टरांनी घातला. नवं पेन आलं की त्याची फेरी करायची. प्रत्येकानं त्यानं चार ओळी लिहायच्या, मालकानं बघत बसायचं, मधे बोलायचं नाही. लिहायला मी पेढीतली लाल कापडी बांधणीची चोपडी आणून ठेवली. तिचा कागद जाड आणि गुळगुळीत, शाई फुटत नाही, मागं उतरत नाही. लोक जपानहून महागाचे कागद मागवतात, आणि हा कागद आमच्याकडे दर पाडव्याला पूजेला बसतो. तिच्यावर मी 'पेनांची खतावणी' असं लिहून ठेवलंय. तारीख, पेन, निब, शाई, मग पाच जणांची अक्षरं. डॉक्टर कायम गोळ्यांची नावं लिहितात आणि ती कुणालाही वाचता येत नाहीत. सर सरळ रेघा आणि वर्तुळं काढतात. पोरगी स्वतःचं नाव घालते. आबा मोडीत काय लिहितात ते आबांना ठाऊक.

पहिली दीड-दोन वर्षं मी ही फेरी टाळली. पेन न्यायचो, पण बांगडीवाला काचेतून दाखवतो तसं हातात धरून दाखवायचो. "अजून भरलं नाही," "निब नवी आहे, बसू दे," काहीतरी सांगायचो. डॉक्टरांना कळायचं. बोलायचे नाहीत. भूलतज्ज्ञाला वाट बघायची सवय असते.

मग माझं प्लॅटिनम ३७७६ पेन पडलं. या नावातला आकडा फुजी पर्वताच्या उंचीचा आहे, मीटरमध्ये. माँब्लांकच्या निबेवर ४८१० असतं, तो त्यांच्या डोंगराचा. आपल्याकडे कुणी असं पेन काढलंच तर कळसूबाईचे १६४६ घालावे लागतील. जरा कमी भरतं. तर ते ३७७६, चौदा कॅरेटची निब, मी दोन बोटांत धरून नाचवत होतो आणि निसटलं. गादीवर नाही, गादीच्या पलीकडं, शहाबादीवर, टोकावर. पडताना पेन टोकावरच का पडतं याचं उत्तर सरांकडे होतं आणि त्यांनी ते सांगायलाही घेतलं. मला ऐकायचं नव्हतं.

एक पाकळी दुसरीच्या खाली गेली होती. चिमणीची चोच तिरकी झाल्यासारखी. कुणी बोलेना. पोरगी म्हणाली, "काका, आणा इकडं." तिच्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग होतं, आणि पर्समध्ये पितळेची एक पट्टी, कागदाहून पातळ. ती कारखान्यात फट मोजायला वापरतात. आधी तिनं नुसतंच बघितलं, चांगली पाच मिनिटं. मग खालच्या पाकळीला आतल्या बाजूनं अंगठ्याच्या नखानं रेटा दिला, इतका हळू की नख हलताना दिसत नव्हतं. सोडलं, भिंगातून बघितलं, परत रेटा. दर वेळी पाकळी जराशी वर यायची आणि थोडी मागं फिरायची. दोन्ही एका पातळीत आल्यावर पितळी पट्टी चिरेतून एकदा फिरवली. शेवटी पॉलिशच्या बारीक कागदावर पाण्याचा थेंब टाकून इंग्रजी आठ काढले, मोजून सहा. चहावर साय धरली तोवर. "सोन्याची होती म्हणून ऐकलं, काका," म्हणाली. "स्टीलची असती तर एवढं ऐकलं नसतं."

मला परत द्यायच्या आधी तिनं तेच पेन शाईत बुडवून खतावणीत आपलं नाव लिहिलं. दीड वर्षात मी एकदाही ते तिच्या हातात दिलं नव्हतं. मी काही बोललो नाही. पुढच्या महिन्यापासून माझी पेनं फेरीत फिरायला लागली.

फेरीचा फायदाही झाला. मुंबईच्या एका दलालाकडून मी वापरलेलं माँब्लांक १४९ घेतलं होतं. आपली पेनं आपल्याला कायम खरीच वाटतात, आपल्या पोरासारखी. डॉक्टरांनी चार ओळी लिहिल्या, थांबले, आणि पेशंटच्या बाहुल्या बघायची टॉर्च खिशातून काढून टोपणावर लावली. हल्लीच्या अस्सल १४९ चं काळं रेझिन जोरदार उजेडावर लालसर दिसतं. माझं कोळशासारखं काळं राहिलं. डॉक्टरांनी टॉर्च बंद केली आणि फार हळू आवाजात म्हणाले, "सॉरी." ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येऊन म्हणतात तसं. हे किती क्विंटल गेले, ते घरी अजून सांगितलेलं नाही.

सोन्याच्या निबेबद्दल माझं मत सांगतो, आमच्या कट्ट्यावर ते कुणाला पटत नाही. सोनं हे चांगल्या लिखाणाचं कारण नव्हेच. पूर्वीच्या शाया आम्ल होत्या, पोलाद खाऊन टाकायच्या, सोन्याला त्यांचं काही होत नसे. म्हणून निबा सोन्याच्या झाल्या. आता स्टेनलेस स्टील आहे. ३७७६ ची चौदा कॅरेटची निब खिळ्यासारखी ताठ आहे आणि पोरीचं तिरुवल्लूरचं रंगा पेन, स्टीलच्या निबेचं, लोण्यासारखं चालतं. तरी मी सोन्याचीच घेतो. का, ते विचारू नका. आमच्या बाजारपेठेत सराफही बरेच आहेत.

आता शाई. शाईचं मला २०१९ च्या ऑगस्टपर्यंत काही वाटत नव्हतं. रंग आवडला की घ्यायची. त्या वर्षी कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमची जुनी खोली गणपती पेठेत, तिथं अण्णांच्या वह्या फडताळात वरच्या खणात होत्या. वरचा खणही पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर चिखल काढून वह्या उघडल्या. अण्णांनी आयुष्यभर वापरली रॉयल ब्ल्यू, आणि ती मुळातच धुऊन निघणारी शाई. पानं फिक्या आभाळी रंगाची झाली होती, सलग, एकसारखी. त्यावर एक अक्षर नाही. मधूनमधून जिथं अण्णांनी पेन जोरानं टेकवलं होतं, तिथं नुसता ओरखडा. बेरजेखालच्या दोन रेघा तेवढ्या बोटाला लागत होत्या.

आणि त्याच पेठेतल्या एका वाड्यातले मोडी कागद आबांकडे आले, तेही पाण्यात राहिलेले. आबांनी ते वरांड्यात दोरीवर वाळत घातले आणि वाचले. जुनी शाई काजळीची. काजळ, डिंक, पाणी. काजळीला पाणी काही करत नाही, कागद टिकला की अक्षर टिकलं. हिरडा आणि हिराकस उकळून केलेली दुसरी एक शाई असायची, ती लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडत जाते. तीही पक्की, पण कधी कधी कागदच खाते. आबांच्या लहानपणी शाळेत शाईच्या पुड्या मिळायच्या, पाण्यात कालवून दौतीत भरायच्या. दांडेकरांनी १९३१ साली धंदा सुरू केला तो अशाच हॉर्स ब्रँडच्या पुड्यांवर. कॅमल आणि कॅम्लिन त्यातूनच पुढं झाले. आबा म्हणाले, "तुझ्या अण्णांना काजळी वापरायला काय झालं होतं?" काजळीनं हिरो दोन दिवसांत तुंबलं असतं. पण हे मी आबांना सांगितलं नाही. त्या दिवशी वाद घालायची ताकद नव्हती.

आता शाईपेनात चालेल अशी बारीक वस्त्रगाळ काजळीची शाई मिळते. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक मी तेव्हाच मागवली. पाडव्याला नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री घालतो ते हिनंच, ३७७६ मध्ये भरून. त्याच्या टोपणात स्प्रिंगवर बसवलेलं आतलं एक टोपण आहे, ते हवा आत येऊ देत नाही, त्यामुळे अशी हट्टी शाईही आत वाळत नाही. सिंकमध्ये निब धुताना काळं पाणी बघून बायको विचारते, "आता काजळ कुणाला घालताय?"

असो. नवं पेन.

डॉक्टरांचा पुतण्या तोक्योला गेला होता. गिंझामध्ये इतोया म्हणून जुनं दुकान आहे, १९०४ पासूनचं, आता बहुमजली झालंय. तिथून त्यानं माझ्यासाठी पायलट कस्टम ८२३ आणलं. अंबर रंगाचं, म्हणजे काकवी उन्हात धरल्यावर दिसते तसं आरपार. निब चौदा कॅरेटची, मिडीयम, म्हणजे मध्यम जाडीची. जपानी मिडीयम म्हणजे युरोपातली जवळजवळ फाइन, म्हणजे बारीक, हे घेणाऱ्यानं लक्षात ठेवावं.

या पेनाची गंमत भरण्यात आहे. पिस्टनच्या पेनात मागची घुंडी फिरवत बसायचं. इथं घुंडी सोडवायची आणि मागं ओढायची, तिच्याबरोबर एक लांब दांडा बाहेर येतो, सायकलच्या पंपासारखा. निब शाईत पुरती बुडवायची. मग दांडा एका दमात आत ढकलायचा. जाताना अंगठ्याला जोर लागतो, कारण दांड्याच्या टोकाचं रबर नळीला घट्ट बसलेलं असतं आणि मागं पोकळी होत जाते. अगदी तळाशी नळी जराशी रुंद आहे. रबर तिथं पोचलं की त्याची पकड सुटते, आणि शाई खालून भस्सकन वर येते, फेस होऊन. आरपार अंग असल्यामुळे हे सगळं दिसतं. शनिवारी रात्री मी ते तीनदा भरलं आणि दोनदा बाटलीत परत ओतलं. चौथ्यांदा भरणार होतो, पण दिवा घालवायची वेळ झाली होती.

या दांड्याचा आणखी एक उपयोग आहे. घुंडी घट्ट लावली की दांड्याच्या पुढच्या टोकानं नळीचं तोंड बंद होतं. विमानात, प्रवासात शाई गळू नये म्हणून. लांबलचक लिहायचं असेल तर घुंडी थोडी सैल करून ठेवायची, म्हणजे वाट मोकळी होते. हे मला माहीत होतं. रविवारी फेरी सुरू करताना सांगायचं राहिलं, एवढंच.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. सरांनी वर्तुळं काढली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पेन आवडलं. पोरीनं नाव लिहिलं, मग भिंग लावून निब बघितली. "काका, हिला हात लावायची गरज नाही." मला पास झाल्यासारखं वाटलं. मग आबा.

मोडी लिहायची पद्धत निराळी. आधी कागदभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिला खालून अक्षरं लटकवत जायची, होता होईल तो हात न उचलता. आबांनी सहा रेघा मारल्या. लिहायला लागले. त्यांचा हात एकदा सुटला की बैलगाडी उताराला लागल्यासारखा जातो. एक ओळ, दोन ओळी, पाच ओळी. निबेचा आवाज नाही, फक्त मनगटाखालची चोपडी जराशी सरकायची. आम्ही चौघंही बघत राहिलो. नियमाप्रमाणे कुणी बोलत नव्हतं, पण नियम नसता तरी बोललं नसतं. सहाव्या ओळीच्या मध्यावर अक्षर फिकं झालं आणि मग नुसतीच निब फिरायला लागली.

"बंद पडलं की रे तुझं दोन क्विंटल!"

"आबा, मागची घुंडी सैल करा, घुंडी!"

त्यांनी केली. पण शाई उतरायला एक-दोन क्षण लागतात. आबांनी शाळेत साठेक वर्षांपूर्वी शिकलेला उपाय केला. पेन झटकलं.

तो हा डाग. एक थेंब सरांच्या पायजम्यावरही आहे, पण तो त्यांनी 'प्रयोगाचा भाग' म्हणून मान्य केला.

मी काही बोलणार, तेवढ्यात आबांची नजर माझ्या हाताकडे गेली. "काय धरलंयस मुठीत?" मी बघितलं. पेन फेरीत जाताना मी टोपण काढून घेतलं होतं आणि अर्धा तास ते डाव्या मुठीत होतं. तळवा ओला झाला होता. आबा हसायला लागले. "मी सोळा वर्षांचा असताना आमच्या बापाबरोबर पट्टीवर सही करायला आलो होतो इथं. तुझे अण्णा असेच बसले होते. मला वाटलेलं, मुठीत पैसे आहेत."

चहा झाला, उप्पीट झालं. आबांकडे सध्या एका वाड्याची मोडी दप्तरं आहेत, त्यांची देवनागरी नक्कल करून द्यायची आहे. रत्नमनं लिहितात, पण त्याची शाई मधेच ढबकन पडते. त्यांनी मागितलं नाही. फक्त जाताना ८२३ उचललं, उजेडात धरलं, आतली शाई कलंडवून बघितली आणि परत चोपडीवर ठेवलं.

मी टोपण बसवलं, आटे लावले आणि पेन त्यांच्या पिशवीत घातलं. "आठवडाभर लिहा," म्हटलं. आबांनी पिशवीत हात घालून टोपण आहे का ते चाचपलं.

बायकोला मी सांगितलं नव्हतं. रात्री खण उघडून तिनंच विचारलं, "ते काकवीचं पेन कुठं गेलं?" आबांकडे म्हटल्यावर ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "बरं आहे ना तुम्हाला?"

गुरुवारी दुपारी सौदा चालू असताना आबांचा फोन आला. मागं बोली चाललेली, काही ऐकू येईना. कानावर हात ठेवून पोत्यांच्या मागं गेलो.

"शाई संपली रे."

"एवढी?"

"चौदा पानं झाली. माझ्याकडं निळी आहे, ती भरू?"

"भरा की. आधी पाण्यानं धुऊन घ्या. आणि मागची घुंडी..."

"ठाऊक आहे. झटकत नाही आता. डाग निघाला का चादरीचा?"

"नाही निघत."

"मग तक्क्या ठेव त्याच्यावर," आबा म्हणाले आणि फोन ठेवला.